नाथसागरासाठी दोन एक्सलची बोट-ट्रॉली: सांगाडा दणकट, हब कच्चे

वाळूजकडं बनवून मिळणाऱ्या या ट्रॉलीच्या पाटीवर 2000 किलो लिहिलंय, पण ते एकूण वजन. ट्रॉलीच 450 किलोची, म्हणजे बोट, इंजिन, पेट्रोल, नांगर मिळून उरतात 1550. 100 लिटर पेट्रोलच 75 किलोच्या आसपास भरतं! अंदाजपंचे नको, सगळं सामान भरून वजनकाट्यावर चढवा.

गाडीला जोडायच्या दांडीवर एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार हवा, इथं 140 ते 200 किलो. कमी पडला की ट्रॉली मागं झोके खाते. जास्त झाला की गाडीची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. बोट पुढंमागं सरकवायची सोय मात्र झकास.

हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगवाल्या भागाला, ग्रीस भरायचं निपल नाही, इथं रेटिंगमधला एक तारा कापला. तापलेला हब लगेच धरणात बुडवला तर आतली हवा आकसून पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. आधी थंड होऊ द्या.