क्रेडिट बँक: टीवायला विद्यापीठ बदलणाऱ्यांच्या किती कामाची?

पाचपैकी तीन तारे. क्रेडिट बँक (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) म्हणजे तुमचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचं तासांवर मोजलेलं माप, जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. हिशोब चोख ठेवते, पण तिच्या भरवशावर कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला गेलात तर फसाल.

एसवाय (दुसरं वर्ष) झालं की कुडाळहून गोवा विद्यापीठात किंवा रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचं, असं मनात असणाऱ्यांना हल्ली हमखास ऐकायला मिळतं, "क्रेडिट जमा आहेत ना, मग कुठेही चालतील." जमा असतात हे खरं. चालतील का, हे आकडेमोडीवर आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे जे विद्यापीठ पदवी देणार, तिथे पदवीचे निदान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. १२० धरा. एसवायपर्यंत ८० झाले, उरले ४०, आणि नव्या ठिकाणी हवेत ६०. म्हणजे बरोबर एका सेमिस्टरची तूट. ती भरायची तर झालेलं सेमिस्टर पुन्हा करायचं, आणि सम-विषम सेमिस्टरच्या चक्रात त्यात अख्खं वर्ष जाऊ शकतं. एफवायनंतर बदललंत तर ही अडचण येत नाही, ८० उरलेले असतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणार असाल तर १६० पैकी ८०, काठावर पास.

मुंबईला जाणाऱ्यांनी मात्र उगाच घाबरू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली संलग्न कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच. तिथून पार्ल्याच्या किंवा दादरच्या संलग्न कॉलेजात जाणं म्हणजे कॉलेज बदलणं. विद्यापीठ तेच राहतं, मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारं प्रमाणपत्र) लागत नाही. (इंजिनिअरिंग, फार्मसीचे नियम वेगळे. हे सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीपुरतं.)

आता सेवेबद्दल. डिजिलॉकरमधून १२ अंकी आयडी निघतो. प्रवेशाचं वर्ष, रोल किंवा नोंदणी क्रमांक आणि संस्था निवडली की झालं, काम मिनिटांचं. पहिला तारा इथे कापला: आत क्रेडिट टाकणं तुमच्या हातात नाही, ते संस्थाच टाकते. निकाल लागला तरी खातं रिकामं दिसू शकतं. आधारवर वडिलांचं नाव नाही आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, आईचं, अशी तफावत असेल तर आधी ती मिटवा. एटीकेटी लागलेल्या विषयाचे क्रेडिट जमा होत नाहीत. जमा झालेले जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि एका पदवीसाठी वापरले की दुसऱ्या पदवीला चालत नाहीत.

दुसरा तारा समकक्षतेसाठी. बँक आकडा सांगते, विषय जुळतो का ते सांगत नाही. इकडे मेजर (मुख्य विषय) रसायनशास्त्र आणि मायनर (दुय्यम विषय) प्राणिशास्त्र, तिकडे रसायनशास्त्राबरोबर फक्त भौतिकशास्त्र, तर मायनरचे क्रेडिट लोंबकळतात. म्हणून प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी घ्या, तासांसकट: एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. नुसती गुणपत्रिका पाहून तिकडच्या अभ्यास मंडळाला काही ठरवता येत नाही. ऑफिसात 'सिलॅबस वेबसाइटवर आहे' म्हणाले तरी शिक्का सोडू नका.

कागदांचा क्रम चुकला तर सगळंच अडतं. आधी नव्या विद्यापीठाकडून कुठले क्रेडिट धरले आणि कुठल्या सेमिस्टरला बसवणार, हे लेखी. मग जुन्या कॉलेजची एनओसी. मग दाखला. सगळ्यात शेवटी मायग्रेशन. उत्साहात आधी दाखला काढला आणि तिकडे एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाची पात्रता-मान्यता) अडकली की जुनी जागाही जाते. 'प्रोव्हिजनल एलिजिबिलिटी', म्हणजे तात्पुरती मान्यता, हा शब्द कागदावर दिसला तर काम अजून बाकी आहे असं समजा.

बदलाचं कारण नुसतं "तिकडचं नाव मोठं" एवढंच असेल तर पदवी इथेच पुरी करून एमए, एमएस्सीला तिकडे जाणं स्वस्त पडतं. मायग्रेशन तेव्हाही लागेल, पण समकक्षतेसाठी एकेक पेपर जुळवत बसावं लागत नाही. घरची अडचण, नोकरी, आजारपण यामुळे जावंच लागत असेल तर एक सेमिस्टर जादा धरूनच खोलीचं भाडं आणि खानावळीचा हिशोब मांडा.