दंड लावायचा की एक सामना बाहेर बसवायचा?

बदली केली म्हणून जर्सी बाकावर भिरकावून थेट स्टेडियमच्या गेटबाहेर जाणारा स्ट्रायकर, आणि हंगामातले निम्मे गोल त्याच्याच नावावर. कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल संघ सांभाळणाऱ्याला हा पेच कधी ना कधी पडतोच. मी दोन्ही उपाय करून पाहिलेत.

दंड सोयीचा, कारण खेळाडू हातचा जात नाही. पण आम्ही दोन हजार दंड लावला, तर दुसऱ्याच दिवशी सरावाच्या वेळी पेठेतल्या एका हौशी समर्थकानं पाचशेच्या चार नोटा माझ्या हातात कोंबल्या. "पोराला काय बोलू नकासा, गोल मारतंय न्हवं?" स्ट्रायकर शेजारीच बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. आदल्या दिवशी त्याच्या जागी उतरलेला पोरगा हे सगळं बघत उभा होता. त्या पोराकडं बघायची मला लाज वाटली. माझ्यापुरता दंडाचा विषय तिथंच संपला.

पुढच्या वेळी त्याला एक सामना बाहेर ठेवलं. बाद फेरी होती, टायब्रेकरवर हरलो, गॅलरीतून नको नको ते ऐकलं. तरी नंतरच्या सामन्यात बदली झाल्यावर तो शेवटच्या शिट्टीपर्यंत बाकावर बसून होता.

मोठ्या क्लबांची गोष्ट वेगळी, हे मान्य. तरी ऑक्टोबर 2022 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध बदली म्हणून उतरायला नकार देऊन सामना संपण्याआधीच निघून गेलेल्या रोनाल्डोला मॅन्चेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक टेन हागनं चेल्सीविरुद्धच्या संघातून वगळलं. पुढच्याच आठवड्यात परतून त्यानं शेरीफ संघाविरुद्ध गोल केला. नोव्हेंबरात क्लबवर टीका करणाऱ्या मुलाखतीवरून करार तुटला, पण ते भांडण पुढचं. उलट 2011 मध्ये म्युनिकच्या सामन्यात बदली म्हणून उतरण्यावरून मॅन्चेस्टर सिटी आणि त्यांचा स्ट्रायकर तेवेझचं बिनसलं ते महिनोन्‌महिने. तो मार्च 2012 मध्ये परत खेळला आणि सिटीनं मे महिन्यात लीगही जिंकली, पण एवढं ताणणं आपल्या छोट्या हंगामाला झेपणार नाही.

तुमच्याकडे जेमतेम पंधरा खेळाडू असतील तर दंडाशिवाय इलाज नसेलही. मग तो रोख घेऊ नका, बक्षिसातल्या त्याच्या वाट्यातून कापा. जमत असेल तर मात्र मी बाहेर बसवायलाच सांगेन. एकच सामना, आणि परत कधी घेणार ते त्याला त्याच बैठकीत, सगळ्या पोरांसमोर सांगा.