दिला 304, परत आला 202: पाइप बेंडिंगला देताना माझी झालेली फसवणूक

रत्नागिरीहून फोटो आले तेव्हा मी बँकेत रांगेत उभी होते. तिथल्या एका मासळी प्रक्रियेच्या कारखान्याला आम्ही स्टेनलेस स्टीलच्या 40 ट्रॉल्या दिल्या होत्या, सगळ्या 304 ग्रेडमध्ये, म्हणजे जास्त निकेलच्या, गंजाला टिकणाऱ्या स्टीलमध्ये. चार महिनेही झाले नव्हते. फोटोत हँडलच्या वाकणावर तांबूस डाग होते आणि त्यांचे ओघळ पार खाली चाकापर्यंत गेले होते. खाली एकच ओळ होती, "मॅडम, हे नक्की 304 आहे ना?"

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. बाबांनी सुरू केलं, गेली सहा वर्षं मी बघते. सात माणसं, दोन आर्गन वेल्डिंग मशीन, एक बफिंग मशीन. पाइप वाकवायचं काम मात्र आम्ही बाहेर देतो. आमच्याकडे साधा हायड्रॉलिक बेंडर आहे, पण 38.1 मिलीमीटर व्यासाचा आणि 1.5 मिलीमीटर जाडीचा पाइप त्यावर छोट्या त्रिज्येत वाकवला की बाहेरची बाजू चपटी होते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. त्यासाठी मँड्रेल बेंडिंग लागतं. पाइपच्या पोटात आतून आधार देणारा मँड्रेल, वाकणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या रोखणारी वायपर डाय, आणि स्टेनलेसवर ओरखडे पडू नयेत, माल टूलला चिकटू नये म्हणून ती टूल्स अॅल्युमिनियम ब्रॉन्झची. असं मशीन छोट्या माणसाला परवडत नाही. म्हणून आपण आपला पाइप बेंडिंगवाल्याकडे पाठवतो आणि तो जॉब वर्क करून परत देतो. आमच्या भागातली निम्मी युनिटं अशीच चालतात.

आमचे बेंडिंगवाले बाबांच्या वेळेपासूनचे. मी त्यांना काका म्हणत आले. बाबा गेले तेव्हा दहा दिवस ते आमच्या घरी येऊन बसत होते. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते, कारण मी एकही गोष्ट का तपासली नाही याचं खरं कारण तेच आहे.

काम असं होतं. प्रत्येक ट्रॉलीला दोन यू आकाराच्या फ्रेम आणि त्यांना जोडणारे सरळ आडवे पाइप. एकूण 80 यू. मुंबईच्या कुंभारवाड्यातून 304 चा पाइप घेतला, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (स्टील ज्या घाण्यात ओतलं त्याचा नंबर) यांच्यासकट. आडवे तुकडे आमच्याकडेच कापले. यूसाठी 40 पाइप काकांकडे गेले, तीन फेऱ्यांत: आधी 12, मग 14, मग 14. सहा मीटरच्या एका पाइपातून दोन यू निघतात आणि थोडा कटपीस उरतो. तो कटपीस बेंडिंगवाल्याने ठेवून घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत.

पहिल्या लॉटचे 24 यू आले. गिऱ्हाईक नवीन होतं म्हणून त्यातला एक मी लॅबमध्ये पाठवून तपासून घेतला. पक्का 304. मी निर्धास्त झाले. पुढच्या दोन लॉटमधले 56 यू मी फक्त मोजले, वजन केलं आणि मॅग्नेट लावून बघितला. नग बरोबर, वजन बरोबर, मॅग्नेट चिकटला नाही.

त्यातलं एकही माप मला वाचवू शकणारं नव्हतं. 304 आणि 202 (कमी निकेलचं, स्वस्त स्टील) यांच्या घनतेत फरक इतका थोडा आहे की आमच्या वजनकाट्यावर तो कटपीसच्या हिशेबात बुडून जातो. आणि मॅग्नेटचं म्हणाल तर 202 सुद्धा 304 सारखंच, मॅग्नेटला जवळजवळ दाद न देणारं स्टील आहे. उलट अस्सल 304 थंड अवस्थेत वाकवलं की वाकणापाशी किंचित चिकटायला लागतं. "मॅग्नेट चिकटला नाही म्हणजे 304" हे वाक्य मी लहानपणापासून शॉपवर ऐकत आले आणि कधी शंका घेतली नाही. आज हे वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात तोच मॅग्नेट असेल, आणि माझ्यासारखाच त्यांचाही त्याच्यावर भरवसा असेल.

एक इशारा मात्र मिळाला होता. दुसऱ्या लॉटचे पीस उतरवताना आमचे जुने वेल्डर म्हणाले, "ताई, यावरची छपाई कुठे गेली?" मिलच्या पाइपवर ग्रेड, साइज आणि हीट नंबर ओळीने छापलेला असतो. पहिल्या लॉटवर तो पुसट का होईना, दिसत होता. या पिसांवर काहीच नव्हतं. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं बाळ, बेंडिंगला वंगण लागतं. मग थिनरने पुसतात पोरं. त्यात जाते छपाई." ऐकायला बरोबर वाटलं. वेल्डर पुढे म्हणाले, "घासायलाही कडक लागतंय." मी म्हटलं, वाकवल्यावर स्टील कडक होतंच. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. तिथेच कामावर असलेल्या माणसाच्या हाताला जे कळलं होतं, ते मी फोनवरच्या आवाजापुढे बाजूला सारलं.

फोटो आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी रत्नागिरीला गेले. ट्रॉलीसमोर बसून नीट बघितलं. यूवर गंज, त्याला जोडलेला आडवा पाइप स्वच्छ. मधे वेल्डची बारीक रेघ. गंज त्या रेघेपर्यंत येऊन थांबला होता आणि रेघेच्या पलीकडे पाइप आरशासारखा लख्ख. अर्ध्या इंचात दोन वेगळी स्टील. मी बोट फिरवलं तर अलीकडे खरखरीत, पलीकडे गुळगुळीत. मग सगळ्या ट्रॉल्या ओळीने लावून घेतल्या. 12 ट्रॉल्या ठणठणीत, 28 गंजलेल्या. पहिल्या लॉटमध्ये यू किती होते? चोवीस. म्हणजे बारा ट्रॉल्यांचे. तिथेच मला खाली बसावंसं वाटलं.

तरीही संशय आधी मी कुंभारवाड्यातल्या व्यापाऱ्यावर घेतला. फोनवर नको ते बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, आडवे पाइपही माझेच ना? ते का नाही गंजले?" नंतर मी त्यांची माफी मागितली. ती मागायलाच हवी होती.

भोसरीतच एका लॅबमध्ये पीएमआय, म्हणजे धातू ओळखायची तपासणी, करून घेतली. त्यासाठी हातात धरायची एक्स-रे गन असते. पिसावर टेकवली की काही सेकंदांत धातूतली मूलद्रव्यं दाखवते, पीस कापावा लागत नाही. आडव्या पाइपात क्रोमियम 18.2, निकेल 8.1, मँगेनीज 1.3 टक्के. हे 304. यूमध्ये क्रोमियम 17.2, निकेल 4.1, मँगेनीज 8.6. हे 202. महाग असतं ते निकेल. 200 सिरीजमध्ये ते कमी करून त्याची जागा मँगेनीजने भरलेली असते. दिसायला, चमकायला दोन्ही सारखंच. 202 हे काही वाईट स्टील नव्हे, घरातल्या जिन्याच्या रेलिंगला ते चालतंही. पण मिठाचं पाणी आणि रोजची क्लोरीनची धुलाई असलेल्या जागी ते टिकत नाही. आणि मी पैसे 304 चे मोजले होते.

रिपोर्ट घेऊन काकांकडे गेले. आधी ते म्हणाले, समुद्राची हवा आहे, त्यात क्लोरीन, 304 लाही डाग पडतात. खरं आहे, पडतात. पण मग त्याच शेडमध्ये, त्याच पाण्याने धुतलेल्या 12 ट्रॉल्या कशा चांगल्या राहिल्या? यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पोरांकडून अदलाबदल झाली असेल. सगळ्यांचा माल शेजारी शेजारी पडलेला असतो." मी म्हटलं, ठीक आहे काका, चूक झाली असेल तर माझे 304 चे 28 पाइप तुमच्या रॅकवर असतील. दाखवा. ते उठले नाहीत.

हिशेब सांगते. 38.1 बाय 1.5 चा पाइप मीटरला साधारण 1.37 किलो, म्हणजे सहा मीटरची लांबी 8.2 किलो. 28 पाइप 230 किलोच्या आसपास. मी माल घेतला तेव्हा दोन्ही ग्रेडच्या भावात किलोमागे 65 रुपयांचा फरक होता. त्यांना सुटले जेमतेम 15 हजार. माझ्या 28 ट्रॉल्या परत आणणं, सांधे कापणं, नवा पाइप, पुन्हा बेंडिंग, बफिंग, परत पाठवणं आणि गिऱ्हाइकाने कापलेली रक्कम मिळून गेले 3 लाख 40 हजार. त्या गिऱ्हाइकाची पुढची ऑर्डरही गेली.

वकिलांकडे गेले. विश्वासाने सोपवलेला माल परस्पर लाटणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये तो येतो. पण त्यांनी माल पाठवताना सोबत दिलेली माझी चलनं मागितली आणि वाचून माझ्यापुढे ठेवली. चलनावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "एसएस पाइप 38.1 × 1.5, 14 नग." ग्रेड नाही, हीट नंबर नाही. मी 304 च पाठवला होता याचा माझ्याकडे कागद नव्हता. खरेदीचं बिल होतं, पण त्या बिलातलेच पाइप त्या टेम्पोत चढले हे दाखवणारं काही नव्हतं. आणि 202 चे यू त्यांच्याकडूनच आले, हे ज्या कटपीसवरून सिद्ध झालं असतं, ते कटपीस मीच त्यांच्याकडे ठेवू दिले होते.

आता जॉब वर्कच्या प्रत्येक चलनावर ग्रेड, हीट नंबर, नग आणि वजन लिहून समोरच्याची सही घेते. पाइप जाण्याआधी प्रत्येक यूचं टोक जिथे वेल्डखाली जाणार त्या जागी एनग्रेव्हरने खूण करते, छपाईसारखी ती थिनरने पुसली जात नाही. खूण कुठे आहे आणि किती लांबी कापायची आहे, हे ड्रॉइंगवर देते. कटपीस, अगदी चार इंचाचा असला तरी, परत मागते. त्यापायी बेंडिंगचा दर थोडा वाढवून द्यावा लागतो, तो देते. दर लॉटमधले तीन-चार पीस, मी स्वतः उचललेले, समोरच्याने काढून दिलेले नव्हे, टेस्टिंग लिक्विडने तपासते. 304 ओळखायचं हे लिक्विड छोट्या बाटलीत मिळतं. दोन थेंब टाकायचे, 9 व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावायची. 200 सिरीज असेल तर थेंब लाल होतो. त्यात अॅसिड असतं, हातमोजे घालून करा आणि जागा लगेच पाण्याने धुवा. शंका आली तर पीएमआय. शिवाय पहिल्या पिसाचं एक वाकण उभं कापून कॅलिपरने जाडी बघते. दोन डी त्रिज्येच्या (पाइपच्या व्यासाच्या दुप्पट त्रिज्येच्या) वाकणात बाहेरची भिंत ताणली जाऊन 1.5 ची साधारण 1.2 होते, हे धरूनच चालावं लागतं. ती एकच्या खाली दिसली तर तुमचा पाइप मुळातच पातळ असण्याची, म्हणजे जाडीत हात मारला गेला असण्याची शंका घ्या.

नव्या बेंडिंगवाल्यांना हे सगळं सांगताना मी चाचरत होते, त्यांना अपमान वाटेल म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःचं रजिस्टर उघडून दाखवलं. प्रत्येक पार्टीच्या मालाला वेगळा रॅक, वेगळ्या रंगाची पट्टी.

जुन्या ठिकाणी माझ्यासारखे आणखी पंधरा-वीस जण माल देतात, त्यातले बरेचसे कटपीस मागत नाहीत. भोसरी, चाकण, तळवडे भागात तुम्ही गेल्या वर्षभरात 304 चे पाइप बेंड करून घेतले असतील आणि कटपीस तिकडेच राहिले असतील, तर गोडाऊनमध्ये उरलेला एखादा पीस आजच काढा आणि त्यावर थेंब टाकून बघा. लाल झाला तर मला कळवा. माझे रिपोर्ट आणि चलनं मी फाइल करून ठेवली आहेत. दोन-तीन जण एकत्र आलो, तर वकील म्हणतात की तक्रार उभी राहू शकते.