घरातला फुलणारा निवडुंग: वर्षभर सांभाळल्यानंतरचं मत

आधी निकाल, मग तपशील. रोज काही तास थेट ऊन येणारी खिडकी असेल तर फुलणारा छोटा निवडुंग जरूर घ्यावा. नसेल तर घेऊ नये. ‘निवडुंग काय, कुठेही जगतो’ असं म्हणत लोक तो पुस्तकांच्या कपाटावर नाहीतर न्हाणीघरात नेऊन ठेवतात. तो तिथे मरतच असतो, पण इतका सावकाश की जगतोय असं वाटत राहतं.

माझ्याकडे आहे तो जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम. मूळचा अर्जेंटिनातल्या कातामार्का भागातला. निळसर हिरवा, चपटा गोळा, सात-आठ सेंटीमीटरच्या पलीकडे फारसा रुंद न होणारा. काटे खोडाला चिकटून वाकलेले, त्यामुळे हाताळताना बोटं रक्ताळत नाहीत. हाच निवडायचं कारण म्हणजे तो लहान वयात फुलतो. सिनेमात दिसणाऱ्या उंच, खांबासारख्या सग्वारो निवडुंगाला पहिलं फूल यायला काही दशकं लागतात, तेवढा धीर माझ्यात नाही. शिवाय जिम्नोकॅलिशियमच्या बऱ्याच जाती मुळात गवताच्या आणि झुडपांच्या आडोशाने वाढतात, म्हणून खिडकीतला उजेड त्यांना इतर निवडुंगांपेक्षा बरा मानवतो. बरा म्हणजे पुरेसा नव्हे, हे पुढे येईलच.

खरेदी करताना दोन गोष्टींपासून जपा. एक, डोक्यावर गुलाबी-पिवळं फूल मिरवणारे निवडुंग. त्यातली बरीच फुलं सुकवलेली असतात आणि गरम गोंदाने चिकटवलेली असतात. पाकळ्या कागदासारख्या वाजत असतील आणि देठाशी चकाकता थेंब दिसत असेल तर ते फूल त्या झाडाचं नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे लालभडक किंवा पिवळ्या डोक्याचे निवडुंग. तो रंग फुलाचा नसतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून त्याचं हिरव्या, तीनधारी खोडावर कलम केलेलं असतं आणि खालचा वरच्याला पोसतो. दिसायला गंमतशीर, पण अशी जोडी बहुधा काही वर्षांतच ढेपाळते. फुलं हवी असतील तर साधा हिरवा गोळा घ्या.

आणल्या आणल्या मी मातीच बदलली. नर्सरीतले छोटे निवडुंग बऱ्याचदा निव्वळ पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळात) किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येतात. काचघरात ठरल्या वेळी पाणी मिळतं तोवर ते चालतं. घरात मात्र एकदा ओलं झालं की आतून वाळायचं नाव घेत नाही, आणि पीट पूर्ण सुकलं की पाणी कडेने वाहून जातं, मुळांपर्यंत पोचत नाही. माझं मिश्रण साधं आहे: अर्ध्याहून जास्त भाग प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा चाळलेली भरड वाळू, उरलेली साधी कुंडीतली माती. बारीक वाळू नको, ती पोकळ जागा बुजवते. कुंडी गोळ्यापेक्षा बोटभर रुंद, तळाला भोक हवंच. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे दुखावलेली मुळं भरून येतात.

पाण्याबाबत सगळ्यात जास्त पसरलेला सल्ला म्हणजे ‘चमचाभर द्या’. मला तो अजिबात पटत नाही. चमचाभर पाण्याने वरचा थर भिजतो आणि खालची मुळं कोरडीच राहतात. वाढीच्या दिवसांत पाणी द्यायचं ते तळातून वाहून जाईपर्यंत, बशीत साठलेलं ओतून टाकायचं आणि मग माती पूर्ण वाळेपर्यंत कुंडीकडे बघायचंच नाही. दर रविवारी वगैरे ठरवून देण्यात अर्थ नाही, कारण ढगाळ आठवड्यात तीच कुंडी दुप्पट वेळ ओली राहते. मी कुंडी उचलून वजन बघते. कोरडी कुंडी हातात लगेच कळते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा टोमॅटोसाठी मिळणारं जास्त पोटॅशचं खत, सांगितल्याच्या पाव-अर्ध्या प्रमाणात देते. नत्र जास्त झालं तर गोळा फुगतो, मऊ पडतो.

पण पाणी आणि माती जमवूनही फूल येईलच असं नाही. फूल ठरतं उजेडावर आणि थंडीतल्या विश्रांतीवर, आणि लोक नेमके याच दोन गोष्टी सोडून बाकी सगळं विचारतात.

खोलीत आपल्याला लख्ख वाटतं ते आपले डोळे जुळवून घेतात म्हणून. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत आलं की उजेड झपाट्याने घटतो आणि निवडुंगाला ते ताबडतोब कळतं. गोलाई सोडून तो वर निमुळता होऊ लागतो, नवी वाढ फिकट येते, काटे बारीक होतात. पुढे उन्हात ठेवलं तर त्यानंतरची वाढ सुधारते, पण निमुळता झालेला भाग पुन्हा गोल होत नाही. म्हणून माझी कुंडी काचेला जवळजवळ टेकून असते. उत्तर गोलार्धात त्यासाठी दक्षिणेची खिडकी उत्तम, पूर्वेची चालते. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यातून थेट दुपारच्या उन्हात नेलं तर कातडी भाजते आणि ते पांढुरके डाग कायमचे राहतात, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं ऊन वाढवा. ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा, वापरत असाल तर बारा-चौदा तास पुरे. रात्री तो बंदच हवा. निवडुंगाची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं, बहुतांशी रात्री उघडतात, तेव्हा तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो. दिवसाच्या उन्हात रंध्रं मिटलेली, म्हणून पाण्याची एवढी बचत. ‘रात्री प्राणवायू सोडतो’ ही जाहिरात यावरूनच निघाली असावी. प्राणवायू उजेडातच तयार होतो आणि एवढ्याशा गोळ्याने खोलीच्या हवेत काडीचा फरक पडत नाही. संगणकाची किरणं शोषतो म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता थंडी. दिवस लहान व्हायला लागले की पाणी कमी करत आणायचं आणि ऐन थंडीत जवळजवळ बंद. निवडुंग तेव्हा दहा अंशांच्या आसपास, उजेडाच्या आणि कोरड्या जागी ठेवता आला तर फारच छान. गरम खोलीत, कमी उजेडात पाणी चालू ठेवलं तर झाड झोपतही नाही आणि धड वाढतही नाही, नुसतं लांबतं. थंड जागा नसेल तर निदान कोरडेपणा आणि घरातला सर्वांत जास्त उजेड एवढं तरी पाळा. या काळात गोळा आकसतो, थोडा मातीत बसल्यासारखा दिसतो. घरातला कोणीतरी दयाळू माणूस हमखास पेला घेऊन येतो, त्याला अडवा. सुरकुत्या चालतात. बुंध्याशी मऊ आणि तपकिरी होणं चालत नाही, ती कूज असते. मग निरोगी भाग दिसेपर्यंत कापून, काप आठवडा-दोन आठवडे वाळवून, कोरड्या वाळूत पुन्हा मुळं फुटायची वाट बघणं एवढाच उपाय उरतो.

दिवस वाढू लागल्यावर शेंड्याजवळ, काटे ज्या लोकरी ठिपक्यांतून निघतात तिथेच, गुळगुळीत खवल्यांच्या कळ्या आल्या. इतर बऱ्याच निवडुंगांच्या कळीवर असते तशी लव किंवा काटे हिच्यावर नसतात. फूल गडद गुलाबी, गोळ्याच्या मानाने चांगलंच मोठं. ऊन आलं की उघडतं, संध्याकाळी मिटतं, असं काही दिवस चालतं. ढगाळ दिवशी मिटूनच बसतं, तेव्हा बिघडलं समजू नये. कळ्या शेंड्याच्या नव्या वाढीवर येतात, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात झाड नीट वाढलं नसेल तर या वर्षी फुलांचा हिशोबही तोकडाच.

या सूचना ख्रिसमस कॅक्टसला लावू नका. तो ब्राझीलच्या दमट डोंगरजंगलातला, झाडांवर वाढणारा. त्याला एवढं ऊन सोसत नाही, इतका कोरडेपणाही नाही.

कीड तशी कमी, पण पिठ्या ढेकूण चिवट. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसले की कान कोरायच्या काडीला सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिपायचं, उन्हातून बाजूला घेऊन, आणि आठवड्याने पुन्हा. मुळांवरची पिठ्या वरून दिसतच नाही. वाढ विनाकारण थांबली असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, आणि पांढरी भुकटी दिसली तर माती टाकून द्या, मुळं धुवा, कुंडी नवी घ्या.