घरच्या आयपॅडवरील खासगी टिपणे : ‘नोट्स’च्या कुलपाविषयी अभिप्राय

आमच्या घरी एकच आयपॅड आहे आणि त्याचा सहा अंकी पासकोड घरातल्या चौघांनाही पाठ आहे. मुलांचा अभ्यास, सासूबाईंची भजने आणि माझी टिपणे हे सगळे त्या एकाच काचेवर चालते. घरगुती वापराच्या आयपॅडवर प्रत्येकासाठी वेगळे खाते उघडण्याची सोय ॲपलने दिलेली नाही, त्यामुळे आयपॅड ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही. माझ्या टिपणांत बँकेतील लॉकरचा तपशील आहे, आईच्या आजारपणाच्या नोंदी आहेत आणि रात्री उशिरा केवळ स्वतःसाठी लिहिलेली काही पाने आहेत, जी मुलांच्या नजरेस पडू नयेत असे मला वाटते. म्हणून ॲपलच्या ‘नोट्स’ या ॲपमधील कुलूप मी गेली दोन वर्षे वापरत आहे.

२०१६ साली आयओएस ९.३ सोबत ही सोय आली, तेव्हा कुलपासाठी स्वतंत्र पासवर्ड ठरवावा लागत असे. २०२२ च्या आयओएस १६ पासून उपकरणाचा पासकोडच कुलपालाही लावण्याचा पर्याय मिळाला. ज्याचा फोन त्याच्याच खिशात असतो त्याच्यासाठी हा पर्याय चांगला आहे, कारण आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. परंतु आमच्यासारख्या घरात तो निरुपयोगी ठरतो, कारण घराच्या दाराचीच किल्ली कपाटालाही चालावी तसा हा प्रकार आहे. शिवाय पासकोडचे कुलूप त्या त्या उपकरणाचा पासकोड मागते, म्हणजे माझ्या फोनवर बंद केलेली नोट त्याच खात्याच्या आयपॅडवर आयपॅडच्या पासकोडने, अर्थात मुलांनाही ठाऊक असलेल्या आकड्यांनी, उघडते. २०२४ च्या आयपॅडओएस १८ मध्ये संपूर्ण ॲपच कुलूपबंद करता येते, पण तेथेही शेवटी तोच पासकोड चालतो. त्यामुळे सामायिक आयपॅडवर स्वतंत्र पासवर्डाचाच पर्याय निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

टच आयडीच्या बाबतीतही सावध राहावे लागते. आयपॅडवर पाच बोटांचे ठसे नोंदवता येतात आणि कुलपासाठी टच आयडी चालू केल्यास नोंदवलेले कोणतेही बोट नोट उघडते. कुलपाला बोट कोणाचे याच्याशी कर्तव्य नसते. धाकट्याचे बोट आम्ही खेळांच्या सोयीसाठी कधीच नोंदवून ठेवले होते, म्हणून नोट्ससाठीचा टच आयडी मी बंदच ठेवला आहे. एक नोट उघडली की त्या खात्यातील बाकीच्या कुलूपबंद नोटाही काही मिनिटे उघड्या राहतात, त्यामुळे वाचून झाल्यावर कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवून त्या पुन्हा बंद केल्याशिवाय आयपॅड कोणाच्याही हाती देऊ नये.

सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे शीर्षक. नोट कुलूपबंद असली तरी तिची पहिली ओळ यादीत दिसतच राहते. ‘आईचे रिपोर्ट’ असे लिहिले की आत काय आहे हे कुलूप न उघडताही कळते. मी आता पहिल्या ओळीत ‘किराणा’ किंवा ‘पडदे’ असे काहीतरी निरुपद्रवी लिहिते. इतरांबरोबर शेअर केलेली नोट कुलूपबंद करता येत नाही आणि जीमेलसारख्या दुसऱ्या खात्यातून येणाऱ्या नोटांनाही ही सोय नाही.

कुलूप मात्र खरोखर भक्कम आहे. पासवर्डापासून तयार होणाऱ्या किल्लीने मजकूर कूटबद्ध होतो आणि आयक्लाउडवर गेल्यावरही तो ॲपलला वाचता येत नाही. कुलूप नसलेल्या साध्या नोटांच्या किल्ल्या, ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ ही आयक्लाउडवरील जादा सुरक्षेची सोय चालू केलेली नसेल, तर ॲपलपाशी असतात. गूगल कीप या गूगलच्या टिपणांच्या ॲपमध्ये एखाद्याच नोटेला कुलूप लावण्याची सोय नाही. ‘स्टँडर्ड नोट्स’ हे ॲप सगळ्याच नोटा अशा रीतीने कूटबद्ध करते आणि अँड्रॉइडवरही चालते, त्यामुळे घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर ते अधिक सोयीचे. त्याच्या मोफत योजनेत साधा मजकूर तेवढा लिहिता येतो, जो माझ्या कामाला पुरला असता.

या भक्कमपणाची किंमत अशी की पासवर्ड विसरल्यास तो ॲपलही परत मिळवून देऊ शकत नाही. नवा पासवर्ड ठरवता येतो, पण तो पुढच्या नोटांपुरता. जुन्या नोटा जुन्याच पासवर्डाने उघडतात. म्हणून मी तो कागदावर लिहिला आणि कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. लॉकरचा तपशील त्याच पासवर्डामागे बंद आहे हे यजमानांनी हसत लक्षात आणून दिल्यावर कागद घरी आणला, आणि आता तो कोठे आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.