अभिरुचीचा ऱ्हास की वितरणाचे गणित?

गल्लाभरू चित्रपटांच्या यशाकडे अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहता येते, तसेच वितरणव्यवस्थेचे फलित म्हणूनही. पहिले मत निराधार नाही. एकाच कथेचे भागांमागून भाग येत राहिले की अनोळखी गोष्टीला सामोरे जाण्याची प्रेक्षकाची सवय खरोखरच मोडते. मात्र ऱ्हास म्हणायचा तर आधीची उंची सिद्ध करावी लागते, आणि तेथे हे मत लंगडे पडते. १९५८ साली दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटाचे स्वागत थंडच झाले होते; २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक-मतदानात तोच आजवरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. जुना प्रेक्षक फार जाणता होता असे यावरून दिसत नाही (आणि जुना समीक्षकही!).

मला दुसरे मत अधिक पटते. १९७५ मध्ये 'जॉज' हा हॉलिवूडचा चित्रपट दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या जोरावर एकाच दिवशी ४०० हून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या काही दिवसांची कमाई हेच यशाचे माप ठरण्याची वाट रुंदावली. बहुतेक पडदे एकाच चित्रपटाने अडवलेले असताना तेथील गर्दीला आवड म्हणणे घाईचे आहे. अनेक देशांत भाषेच्या अडसराविना चालावे म्हणून संवादांपेक्षा दृश्यांवर दिलेला भर हाही त्याच हिशेबाचा भाग असतो.