मार्क ट्वेन वाचायचाय, पण कुठल्या प्रवासापासून?

छापखान्यातला उमेदवार, मिसिसिपीवरचा बोटीचा पायलट, नेवाडात चांदी शोधणारा, मग वार्ताहर. या अमेरिकन विनोदी लेखकाने काय केलं नाही! त्याची दोन प्रवासवर्णनं मात्र दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात.

'द इनोसंट्स अब्रॉड' (1869) तिशीतल्या टवाळखोराचं. 1867 साली 'क्वेकर सिटी' जहाजातून तो युरोप आणि पॅलेस्टाइनला गेला. जेनोआतला गाइड कोलंबसचं कौतुक करत असताना ट्वेन आणि त्याचे सोबती गंभीर चेहऱ्याने विचारतात, "मेलाय का तो?" हसून पोट दुखतं. चर्चेसची वर्णनं लांबतात, ती मी सरळ गाळली.

'फॉलोइंग द इक्वेटर' (1897) लिहिणारा साठीचा. टाइपजुळणी यंत्रात पैसा बुडाला, 1894 साली दिवाळं निघालं, कर्ज फेडायला तो जगभर व्याख्यानं देत फिरला. जानेवारी 1896 मध्ये मुंबईत, वॉटसन हॉटेलात उतरला. तिथले कावळे कठड्यावर बसून त्याचे कपडे, केस, रंग यावर आपसात चर्चा करायचे म्हणे! त्याच हॉटेलात एक गोरा माणूस नोकराच्या थोबाडीत मारतो आणि ट्वेनला बालपणीच्या मिसुरीतली गुलामी आठवते. विनोद करता करता माणूस एकदम गप्प होतो, ते तिथे दिसतं. दौरा संपल्यावर लगेच, ऑगस्टमध्ये, मुलगी सूझी गेली. पुस्तक त्यानंतर लिहिलंय.

नुसतं हसायचं असेल तर पहिलं घ्या. मी दुसरंच आधी देईन, तेही मुंबईच्या प्रकरणापासून.